आमचा कामगाराशी थेट संबंध येत नाही

...नाही, पण मला एवढंच सांगा, ज्या असोसिएशनचं अख्खं पोट जखमी कामगारावर चालतं, तिने जखमी कामगार दारात आला की पाल बघितल्यासारखं का करावं? थांबा. आधी माफी मागायची राहिली. हे सगळं मी वहीत लिहून आणलंय, आणि माझं शुद्धलेखन कच्चं आहे, नववीत शाळा सोडली, कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला आजही अंदाजानेच कळतं, शब्दही साधेच आहेत, पण मी वाचून दाखवतोय म्हणजे वेलांट्या तुम्हाला दिसणार नाहीत, तेवढं एक बरं! आणि मान खाली घालूनच वाचणार, राग मानू नका, वर बघितलं आणि तुमच्यापैकी कुणाशी नजर भिडली की माझं वाक्य तिथेच बंद पडतं. लहानपणापासून असंच आहे. दुकानात साखर मागायला गेलो तर गर्दी कमी होईपर्यंत बाहेर उभा राहणारा माणूस मी. पण तुम्हाला सांगतो, असोसिएशनचं नाव निघालं की... आता नाही बंद पडत!

तर नाव ऐका. औद्योगिक व व्यावसायिक पुनर्वसन सेवा केंद्रचालक असोसिएशन, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर विभाग. विठ्ठलवाडीला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बोर्ड एवढा लांब की गॅलरीत मावला नाही, 'विभाग' हा शब्द शेजारच्यांच्या गॅलरीत गेलाय आणि त्यावर त्यांची लुंगी वाळत असते. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीत कुणाचा हात गेला, पाय गेला, कंबर गेली, की त्याला पुन्हा कामाला लायक करायची जी खासगी सेंटरं आहेत ना, त्या सेंटरांच्या मालकांची ही संघटना. म्हणजे हात कुणाचा गेला? कामगाराचा. कामावर कुणी जायचंय? कामगाराने. आणि असोसिएशनमध्ये जाऊन विचारा, काय म्हणतात? "आमचा कामगाराशी थेट संबंध येत नाही."

मी कैलास. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहतो. अंबरनाथ एमआयडीसीत प्रेस चालवायचो. प्रेस म्हणजे कपड्यांची इस्त्री नव्हे, आमच्या मामीला चार वर्षं तसंच वाटत होतं, पॉवर प्रेस! पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका येतो, पत्र्याची वाटी होते. छताचा पंखा लटकतो ना, त्याच्या दांडीला वर जी वाटी असते, ती. तुम्ही पंख्याखाली झोपत असाल तर माझ्याच वाटीखाली झोपताय. सहा वर्षं काढल्या वाट्या. आणि गेल्या पावसाळ्यात, २००७च्या जुलैत, पेडल एकदा दाबलं असताना प्रेसने दोनदा दणका दिला, आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिची शेजारीण, दोघी गेल्या. ते मी जास्त सांगत नाही, कारण सांगायला लागलो की लोक माझ्या हाताकडे बघतात आणि मला हात कुठे ठेवावा कळत नाही.

टाके निघाले, जखम भरली. मी कंपनीत गेलो. आमचे सुपरवायझर हरिचंद्र मिस्त्री, माणूस चांगला, ते म्हणाले, "कैलास, पुनर्वसन सेंटरचा फिट कागद आण. त्याच्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही, साहेबांची ऑर्डर आहे. तुझी पर्मनंट जागा मी तीस नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवतो. तीस म्हणजे तीस. त्यानंतर मधूला पर्मनंट करतील."

मधू म्हणजे माझा हाताखालचा. मीच शिकवला त्याला. वाईट नाही तो, मला भेटायला आला, सफरचंदं घेऊन आला, पण बसल्या बसल्या विचारतोय काय, "कैलासदादा, तुझ्या लॉकरची चावी आहे का रे जवळ?"

म्हणून मी सेंटरला गेलो. नरेंद्र सरांचं सेंटर, विठ्ठलवाडीलाच. सरांचा हात हलका, जिभेवर साखर, आणि कणा... कण्याचं पुढे कळेल. सरांनी काय करायला लावावं? राजमा आणि वाल एका ताटात मिसळायचे आणि मी ते पुन्हा वेगळे करायचे! झाले वेगळे की सर यायचे, "शाब्बास, कैलास!" आणि पुन्हा मिसळायचे. घरी आई म्हणायची, "एवढं तिकीट काढून राजमा निवडायला विठ्ठलवाडीला जातोस? इथे पसाभर तूरडाळ निवडायची पडलीये, ती नाही दिसत!" मग कपड्यांचे चिमटे तारेला लावायचे, काढायचे. मग चिकणमातीचा गोळा दाबायचा. हसू नका, उपयोग झाला. ऑक्टोबरपर्यंत तीन बोटांत अशी ताकद आली की रिक्षाचं पुढचं चाक उचलून दाखवलं मी सरांना. सर म्हणाले, "फिट! शंभर टक्के फिट!" पेन काढलं, टोपण काढलं, कागदावर टेकवलं... आणि टोपण परत लावलं.

"कैलास, एक अडचण आहे रे."

काय अडचण? तर असोसिएशनने एक ऑक्टोबरपासून नवीन नियम काढला. पेशंट ज्या मशीनवर काम करत होता, त्या मशीनच्या नकलेवर त्याने सेंटरमध्ये तीस तास काम केल्याशिवाय सेंटरने फिट कागद द्यायचा नाही. दिला तर सभासदत्व रद्द. आणि सभासदत्व रद्द म्हणजे कुठलीच कंपनी त्या सेंटरचा कागद घेणार नाही. आता नक्कल मशीन कुठे आहे? सेंटरमध्ये नाही. अख्ख्या उल्हासनगरात नाही. ऑर्डर दिली तर फेब्रुवारीत येईल. माझी तारीख कुठली? तीस नोव्हेंबर!

मी म्हटलं, आपण असोसिएशनला जाऊन समजावून सांगू. म्हणजे 'आपण' म्हटलं, सर म्हणाले, "तू जा."

गेलो. मी! साखर मागायला लाजणारा! जिना चढताना तीन वेळा परत खाली आलो, झेरॉक्सवाल्याला वाटलं मला झेरॉक्स काढायचीय. वर गेलो तर भिंतीवर हा एवढा फोटो, पिवळं हेल्मेट घातलेला कामगार, गोरापान, हसतोय, दात बघा नुसते! टेबलाशी भावना मॅडम म्हणून क्लार्क. मी म्हटलं, मला विनंती करायचीय. त्यांनी फॉर्म दिला. पहिला रकाना, सभासद केंद्राचं नाव. दुसरा रकाना, सभासद क्रमांक. तिसरा, केंद्राचं क्षेत्रफळ. माझं क्षेत्रफळ काय लिहू मी? मी म्हटलं, मॅडम, मी सेंटर नाही, मी कामगार आहे. त्यांनी असं बघितलं माझ्याकडे... म्हणाल्या, "कामगार? मग इथे कशाला आलात? आमचा कामगाराशी थेट संबंध येत नाही."

मी म्हटलं, मग तुम्ही काय करता? म्हणजे भांडायला नाही, खरंच विचारलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी पाठ म्हणून दाखवलं, एका दमात, "आम्ही सेवेचा दर्जा राखतो, मानकं ठरवतो, सभासदांचं प्रशिक्षण घेतो, सभासदांच्या अडचणी शासनदरबारी मांडतो." मी म्हटलं, आणि कामगाराच्या अडचणी? "त्या सभासदाला सांगा." सभासद म्हणतो तुम्हाला सांगा. "सभासद असं म्हणूच शकत नाही. म्हणत असेल तर सभासदाने लेखी कळवावं." मी त्या फोटोकडे बोट दाखवलं, म्हटलं, ह्याच्याशी तरी संबंध आला असेल ना? भावना मॅडम म्हणाल्या, "तो फोटो प्रिंटरवाल्याने दिलाय."

तुम्हाला सांगतो, मी खाली उतरलो तेव्हा माझे कान तापले होते. आणि रस्त्यात उभ्या उभ्या मला सुचलं. नक्कल मशीन हवंय ना? प्रेसची नक्कल हवीय? सहा वर्षं मी त्या प्रेससमोर बसलोय, त्याचा नट न् नट मला ठाऊक आहे. फेब्रुवारीची वाट कशाला बघू? मीच बनवतो!

उल्हासनगर पाच नंबरला परसराम सेठची शेड आहे, जीन्स शिवायच्या मोडक्या मशिनी घ्यायच्या, सुटे भाग विकायचे. माझ्या वडिलांची ओळख. त्यांना सगळं सांगितलं. सेठ म्हणाले, "साईं, ये तेरी असोसिएशन माल क्या बेचती है?" मी म्हटलं, कुछ नहीं. "तो दुकान कैसे चलती है?" पण माणूस दिलदार, शिलाई मशीनचं पायाने मारायचं जुनं पेडल दिलं, चाक दिलं, पट्टा दिला, वर म्हणाले, कोपरा वापर, माझी हत्यारं वापर. बारा दिवस, मंडळी! सागाच्या फळ्या रंध्याने तासल्या, भोकं पाडली, पटाशीने खाचा केल्या, ह्याच हाताने, ह्या तीन बोटांच्या हाताने! पेडल दाबलं की वरून लाकडी ठोकळा येतो, ठप्प! खाली डाय लाकडाचा, पत्र्याच्या जागी पुठ्ठ्याची चकती. आणि हो, पुढे एक लाकडी फळी लावली, ठोकळा खाली यायच्या आधी ती आडवी सरकते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. कंपनीच्या खऱ्या प्रेसला तशी फळी नव्हती. नकलेला होती!

टेम्पोत घालून सेंटरला नेलं. नरेंद्र सरांच्या डोळ्यांत पाणी. खरंच! त्यांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, रजिस्टरमध्ये तारीख टाकली. रोज दोन तास, पंधरा दिवस. ठप्प, ठप्प, ठप्प. शेजारी कमळाबाई म्हणून पेशंट यायच्या, मसाल्याच्या कारखान्यातल्या, मनगट मोडलेलं, त्या राजमा निवडता निवडता म्हणायच्या, "कैलास, तुझा कागद झाला की हे मशीन मला दे रे, ह्या राजम्याचा वीट आलाय." अठ्ठावीस नोव्हेंबरला माझे तीस तास पुरे. सरांनी पुन्हा पेन काढलं, टोपण काढलं...

आणि असोसिएशनचा फोन. म्हणे उद्या तपासणी आहे, मशीन नवीन आलंय असं कळलं, तपासल्याशिवाय कागद देऊ नका.

एकोणतीसला तेजस्वी मॅडम आल्या. असोसिएशनच्या तपासनीस. हातात फाईल, मेजरिंग टेप, मागे फोटो काढायला माणूस. त्यांनी मशीनची लांबी घेतली, रुंदी घेतली, पेडल दाबून बघितलं, ठप्प, आणि खूश! म्हणजे बघायला पाहिजे होत्या, "वा! वा, नरेंद्र सर! ती फळी तर काय सुंदर सरकते! आपल्या विभागात असं मशीन नाही! कुणाकडून घेतलंत?"

सरांनी छताकडे बघितलं. आणि मी... आता हीच माझी चूक, मंडळी. आयुष्यभर गप्प बसलो, चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही, शाळेत उत्तर येत असूनही बोट वर केलं नाही, आणि त्या दिवशी, नेमकं त्याच दिवशी, कुणीतरी कौतुक करतंय म्हटल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मी बनवलं, मॅडम. ह्याच हाताने."

मॅडमनी माझा हात बघितला. मग फाईल बघितली. मग सरांकडे बघितलं.

"हा पेशंट आहे?"

"हो."

"फिट कागद मिळाला नव्हता तेव्हा ह्याने रंधा मारला? पटाशी चालवली?"

सर म्हणाले, "मला कल्पना नव्हती." बघा! ज्या माणसाने नारळ फोडला त्याला कल्पना नव्हती! मघाशी कणा म्हटलं ना, तो हा.

मॅडम म्हणाल्या, "सर, अहो, नियम काय सांगतो? पेशंटने फिट होण्याआधी हत्याराचं काम केलं तर त्याचे सगळे टप्पे रद्द. पहिल्यापासून सुरुवात." मी म्हटलं, मॅडम, पण मी काम करू शकतो हेच तर त्यातून दिसतं ना? कागद तेवढ्यासाठीच असतो ना? मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. सरांना म्हणाल्या, "त्यांना समजावून सांगा." मी समोर! हातभर अंतरावर! मी म्हटलं, मॅडम, मला सांगा ना. तर फाईल मिटत म्हणतात, "सॉरी, आमचा कामगाराशी थेट संबंध येत नाही."

म्हणजे कळलं का तुम्हाला? मशीन पास. मशीन एकदम फर्स्ट क्लास. आणि ज्याने ते बनवलं तो मशीनवर बसायला नालायक! कारण काय, तर त्याने ते बनवलं!

बरं, एवढ्यावर थांबावं? नाही. दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, अंबरनाथ पूर्वेला एका हॉलमध्ये असोसिएशनची वार्षिक सभा होती. मॅडम म्हणाल्या, मशीन सभेत दाखवायचं. मशीन टेम्पोत चढलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चकत्या लावून ते चालवता कुणालाच येत नाही. नरेंद्र सर मला म्हणाले, "कैलास, तू ये. अध्यक्ष असतील. मी शब्द टाकतो. त्यांनी मनात आणलं तर आजच्या आज कागद होईल." त्यांनी शब्द टाकला नाही, आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखी वाट बघत बसू नका.

गेलो. साठेक सेंटरवाले, सूट, टाय, पुढे फुलांचे गुच्छ. मला स्टेजवर मशीनमागे बसवलं. खाली फलक, 'स्वदेशी नक्कल यंत्र, असोसिएशनचा उपक्रम'. असोसिएशनचा! अध्यक्ष दौलतराव बोलायला उठले आणि मी चकत्या लावतोय, ठप्प, ठप्प. दौलतराव म्हणतात, "आमच्या असोसिएशनची भूमिका काय?" ठप्प. "दर्जा!" ठप्प. "विश्वास!" ठप्प. लोक टाळ्या वाजवतात, मला वाटतं चकतीला वाजवतात, मी आणखी जोरात दाबतो. "आणि केंद्रबिंदू कोण? तर कामगार!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, बरं का, फोटो काढला, मी त्या फोटोत आहे, मान खाली.

आणि तेवढ्यात लोडशेडिंग.

माईक बंद. पंखे बंद. दिवे बंद. उघड्या दारातून येईल तेवढाच उजेड. अख्ख्या हॉलमध्ये एकच गोष्ट चालू होती, माझं मशीन. ते पायावर चालतं, त्याला लाईट कशाला? ठप्प. मग मीच थांबलो. एवढी शांतता, दौलतरावांचा हात अजून माझ्या खांद्यावर, चार वाजलेत, पाचला कंपनीचं ऑफिस बंद होतं, आणि माझी तारीख संपते. मी घसा खाकरला. साठ माणसांसमोर. वर बघितलं नाही, चकतीकडे बघून बोललो, पण बोललो! "साहेब, हे मशीन मी बनवलंय. ह्याच्यावर तीस तास केलेत. तुम्ही सगळे आत्ता बघताय, मी काम करतोय. आज माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे. पाचच्या आत तुमच्यापैकी कुणीही एकाने कागदावर सही केली तर माझी नोकरी वाचते."

माईक नसताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मला कळलं, कारण शेवटच्या रांगेत कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला तो मला ऐकू आला.

दौलतरावांनी हात काढला. खांद्यावरून. हळूच, माझ्या शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून जपावं तसा. नरेंद्र सरांना शोधलं, सर खुर्चीखाली चप्पल शोधत होते, पायात असलेली! मग दौलतराव सभेला म्हणाले, मला नाही, सभेला, "ह्या तरुणाच्या भावना आम्ही समजू शकतो. परंतु... आमचा कामगाराशी..."

आणि साठ जणांनी माना डोलावल्या! पुढचं त्यांना म्हणावंच लागलं नाही! लाईट आले, पंखे फिरायला लागले, टाळ्या वाजल्या. मशीन तिथेच राहिलं, आता ते विठ्ठलवाडीच्या ऑफिसात त्या गोऱ्या कामगाराच्या फोटोखाली ठेवलंय असं ऐकतो. सरांनी बाहेर येऊन मला सांगितलं, "कैलास, वाईट वाटून घेऊ नकोस, सोमवारपासून ये, राजम्यापासून सुरू करू." मी पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसाला उत्तर न देता निघून आलो. मला वाटलं फार मोठं काहीतरी केलं. बस स्टॉपपर्यंत पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते.

घरी आईने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं सांगतो आणि संपवतो. सकाळी सातला कंपनीच्या गेटवर गेलो. का गेलो? सवय! सहा वर्षांची सवय, पाय आपोआप गेले. वॉचमन म्हणाला, कागद? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग नाही. आतून हरिचंद्र मिस्त्रींनी बघितलं आणि मान वळवली, त्यांनाही वाईट वाटलं असणार. वॉचमनकडूनच कळलं, मधू पर्मनंट झाला होता, त्याला नव्या मशीनवर टाकलं होतं, चांगलं मशीन, पुढे जाळीबिळी असलेलं. माझा जुना प्रेस रिकामा होता. आणि गेटबाहेर ठेकेदार किसनभाऊ आपली रोजंदारीची माणसं मोजत उभा, एक माणूस कमी पडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ए, प्रेस चालवता येतो?"

मी म्हटलं, येतो. आणि खरं बोलायची खोड अजून गेली नव्हती, म्हणून उजवा हात पुढे करून दाखवला.

त्याने नाव विचारलं नाही, कागद विचारला नाही, तीस तास विचारले नाहीत. हाताकडे बघितलं, मनातल्या मनात मोजलं, आणि म्हणाला, "दोन्ही मिळून आठ आहेत ना? भरपूर झाली. चल, आत हो."

आणि मी आत झालो.